ताईच्या दगडावरची ओळ

माझ्याबद्दल आमच्या चर्चच्या मंडळीत एक चांगली गोष्ट सांगितली जाते. ती खोटी आहे. आणि ती खोटी आहे, हे आज जिवंत असलेल्यांपैकी एकट्या मलाच माहीत आहे – निदान हे वाक्य लिहीपर्यंत तरी होतं.

गोष्ट अशी सांगतात. सुधाकर सरांच्या मेहुण्यांनी, प्रभुदासांनी, सरांच्या बहिणीला उभ्या आयुष्यात सुख म्हणून दिलं नाही. तरी तेच मेहुणे आंधळे होऊन अंथरुणाला खिळले, तेव्हा सर रोज दुपारी जबलपूरच्या सदरहून ऑटोने अधारतालला जात, त्यांच्या उशाशी बसत आणि त्यांना पवित्र शास्त्र वाचून दाखवत. शेवटपर्यंत. आमच्या पाळकसाहेबांनी एका रविवारी उपदेशात हे सांगितलं. नाव घेतलं नाही, पण कृपा कशी दिसते ते बघायचं असेल तर आपल्यातच बसलेल्या एका भावाकडे बघा, असं म्हणाले, आणि सगळ्यांनी माना वळवल्या. मी खाली बघितलं. लोकांना तो नम्रपणा वाटला असणार.

तपशील सगळा बरोबर आहे, बरं का. मी जात होतो. बसत होतो. वाचत होतो. पण कशासाठी – हे कुणी विचारलं नाही. शास्त्र हातात घेतलेल्या माणसाला कोण विचारतं?

मला हे एकदम सांगता येणार नाही. आधी ताईबद्दल सांगावं लागेल.

विमलताई माझ्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हा माझं जेवणखाण, शाळा, ताप, परीक्षा – सगळं तिनेच बघितलं. आमचे बाबा अमरावतीकडचे. मिशनने त्यांना इकडे कुंडमच्या बाजूला एका खेड्यात शाळा चालवायला पाठवलं. दिवसा ते मास्तर, रविवारी उपदेशक. पाळक मात्र नव्हते, म्हणजे बाप्तिस्मा देण्याचा त्यांना अधिकार नव्हता. ताई जन्मली ती इतकी अशक्त, की सुईणीने हात टेकले. नाला भरून वाहत होता, जबलपूरहून पाळक येणं शक्य नव्हतं. मग बाबांनी चुलीपुढे बसून पितळेच्या लोट्यातलं पाणी तिच्या डोक्यावर घातलं आणि पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने स्वतःच तिचा बाप्तिस्मा केला. मूल जगलं. मिशनने पुढे तो बाप्तिस्मा मान्य केला, तो लोटाही ताईच्या घरी अखेरपर्यंत पाणी प्यायला होता.

बाबा ही गोष्ट सांगताना नेहमी एकच सांगत. पोरगी झोपलेली होती, तिला काही कळत नव्हतं, तिने काही मागितलं नव्हतं – आणि कृपा तिच्यापर्यंत आली. कृपा अशीच असते म्हणायचे. ती आधीच घरात येऊन बसलेली असते, आपल्याला उशिरा दिसते. मी कॉलेजच्या लायब्ररीत आयुष्य काढलं, या विषयावरची जाडजाड पुस्तकं वाचली. बाबांच्या या बोलण्यापुढे मला कधी जाता आलं नाही. जावंसं वाटलंही नाही.

आता भाऊजी. प्रभुदास. दिसायला देखणे, गायला त्याहून देखणे. नाताळच्या उपासनेत त्यांचा आवाज उंच चढला की बायका पुस्तकातून डोळे काढून बघत. फॅक्टरीत पक्की नोकरी. त्यांची मुलगी स्नेहल लहान असताना ते कटनीला एका बाईकडे राहायला गेले आणि वर्षानुवर्षं तिकडेच राहिले. ताईने शाळेत शिकवून, संध्याकाळी शिकवण्या घेऊन मुलगी वाढवली. रिटायर झाल्यावर कटनीचं दार बंद झालं, तेव्हा ते एक बॅग घेऊन परत आले. मी तिथेच होतो. ताईने दार उघडलं, बॅगेकडे बघितलं, आणि विचारलं, "चहा घेणार ना?"

बस. एवढंच. मला त्या चहाचा इतका राग आला, की मी माझा कप तसाच ठेवून निघून आलो.

पुढे भाऊजींचं तारण झालं. मी हे कुत्सितपणे लिहितो आहे का? हो. अधारतालला एका घराच्या वरच्या मजल्यावर फेलोशिप भरायची – हिंदी गाणी, ड्रम, माईक. त्या लोकांची शिकवण अशी, की आई-बापाने लहानपणी करवलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. माणसाने स्वतः, जाणत्या वयात, प्रभूला स्वीकारलं पाहिजे आणि पाण्यात पूर्ण बुडून वर आलं पाहिजे. ते केलं की तारण, म्हणजे पापांतून सुटका, पक्कं. मग काही झालं तरी ते जात नाही. भाऊजी गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीत बुडून वर आले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या चेहऱ्यावर एक चकाकी आली, ती मला बघवत नसे.

दर रविवारी ते साक्ष देत. "मैंने अपनी पत्नी को बहुत रुलाया, भाइयो! लेकिन प्रभु ने एक पल में सब धो डाला!" आणि सगळे ओरडत – हालेलूया. ताई एकदा गेली होती, मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. परत आल्यावर मला म्हणाली, "माझं रडणं माईकवर सांगून राहिले होते. चलो, कुणाच्या तरी कामाला आलं."

तिच्याकडे त्यांनी माफी मागितली का? कधीच नाही. वरच्या कोर्टातून सुटून आलेला माणूस – खालच्या कोर्टात कशाला जाईल?

उलट तिच्याच मागे लागले. तिनेही टाकीत उतरावं म्हणून. "विमल, तुझं तारण झालेलं नाही. ते लोट्यातलं पाणी, ते पण उपदेशकाच्या हातचं – त्याला काय अर्थ आहे?" ताई भाजी निवडत होती. म्हणाली, "आणि तुमच्या टाकीत काय स्वर्गातून पाइप आला आहे? नळाचंच पाणी ना? माझा झाला आहे. माझ्या बाबांनी केला आहे. पुन्हा करायचा म्हणजे त्यांचा हात खोटा म्हणायचा. काहून म्हणू?" मी हसलो. भाऊजी हसले नाहीत.

एका हिवाळ्यात ताई गेली. सकाळी उठलीच नाही.

आता दगडाचं सांगतो.

आमच्याकडे कबरीवरच्या दगडावर नाव आणि तारखांच्या खाली एक ओळ घालतात – प्रभूच्या विसाव्यात. कुणी काही वेगळं निवडतं, पण बहुतेकांची हीच. या ओळीने काही सिद्ध होत नाही, मला माहीत आहे. पण मागे राहिलेल्यांना ती लागते. रविवारी फुलं घेऊन गेलं की माणूस तिथपर्यंत वाचतो आणि मग घरी परत येऊ शकतो. भेडाघाटच्या कारागिराकडे मी संगमरवर पसंत केला, ओळ सांगितली, आणि भाऊजींनी काठी टेकत पुढे येऊन त्याला सांगितलं, "नहीं भैया. सिर्फ नाम और तारीख."

मग माझ्याकडे वळले. आवाज अगदी मऊ होता – हे मी विसरलेलो नाही. "सुधाकर, दगडावर खोटं नको. चांगली होती विमल. माझ्यापेक्षा शंभर पट चांगली. पण चांगलं असणं म्हणजे तारण नव्हे. मी किती समजावलं तिला, तू तर बघून राहिला होता."

विचार करा. तिच्या घरात राहणारा, तिच्या हातचं जेवलेला, तिला सोडून गेलेला आणि तिनेच परत घेतलेला माणूस – तो आत, आणि ती बाहेर. आणि हे तो दुःखाने सांगतो आहे! डोळ्यांत पाणी आणून!

मी काय म्हणालो? काही नाही. मी गप्प राहिलो. पुस्तकं वाचणारी माणसं गप्प राहिली की लोकांना वाटतं, विचार करत असतील. मी विचार करत नव्हतो. मी वाट बघायला लागलो होतो.

फार बघावी लागली नाही. शुगरने भाऊजींची नजर गेली, मग किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, बाकीचे दिवस पलंग. स्नेहल पुण्याला नोकरीत. एक बाई ठेवली होती, स्वयंपाक आणि सगळं बघायची. फेलोशिपचे लोक येत, डबे आणत, प्रार्थना करत – त्यांच्यात वाईट असं कुणी नव्हतं, हे सांगायला हवं. पण दुपार मोठी असते. एकदा मी गेलो असताना भाऊजी म्हणाले, "विमल रोज संध्याकाळी मराठीत वाचायची. मी तेव्हा ऐकलं नाही. इथं सगळं हिंदीत. तू वाचशील का रे?"

मी हो म्हणालो. ऑटोत बसल्यावर मी मनातल्या मनात पानं निवडायला लागलो. आनंदाने.

तुम्हाला लायब्रेरियनचं काम काय वाटतं? पुस्तकं देणं? ते अर्धं काम. कोणतं पुस्तक कुणाच्या हाती पडू द्यायचं नाही, कोणतं मागच्या रांगेत सरकवायचं – ते दुसरं अर्धं. भाऊजींनी शास्त्र स्वतः फारसं वाचलेलं नव्हतं. माईकवरून कानावर पडलेली गोड गोड वचनं, तेवढीच त्यांची शिदोरी. मी घरी बसून निवड करायचो. रात्रीच्या जेवणानंतर एखाद्याने व्याख्यानाची तयारी करावी तशी.

मी एकही शब्द पदरचा घातला नाही. वाचताना एकही शब्द बदलला नाही. फक्त कुठे सुरू करायचं आणि कुठे थांबायचं, ते मी ठरवलं.

दिवे विझलेल्या त्या कुमारिका – दार बंद होतं आणि आतून आवाज येतो की मी तुम्हाला ओळखत नाही – ती मी वाचली. आपला हक्क गमावून बसलेला एसाव, जो नंतर रडून रडून मागतो आणि त्याला मिळत नाही – तो वाचला. एकदा प्रकाश चाखून जे मागे पडले त्यांच्याबद्दलचा तो कठोर भाग, ज्यावर विद्वान शतकानुशतकं भांडत आले आहेत – तो तर पुन्हा पुन्हा. अंजिराच्या झाडाची गोष्ट वाचली. मालक येतो, फळ नाही, म्हणतो तोडून टाका. त्यानंतर माळी मध्ये पडतो – आणखी एक वर्ष द्या, मी खणतो, खत घालतो. मी माळ्याच्या आधी थांबलो.

"मग? तोडलं का झाड?"

"पुढे सांगितलेलं नाही," मी म्हणालो. आणि हे खरं आहे! गोष्टीत ते खरंच सांगितलेलं नाही. किती स्वच्छ खोटं होतं ते, बघा.

सुरुवातीला ते थट्टा करायचे. "काय साळेबुवा, डॉक्टरने साखर बंद केली, तुम्ही पण? आज काही गोड वाचा ना." मी म्हणायचो, "जे आहे ते वाचतो, भाऊजी." मग एकदा त्यांनी स्वतःच मागितलं. "तो चोर होता ना, वधस्तंभावर, प्रभूच्या बाजूला? शेवटच्या घडीला सुटला. ते वाच." तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल – ही हकिगत चारही शुभवर्तमानांत सारखी नाही. एकात एक चोर पश्चात्ताप करतो आणि त्याला वचन मिळतं. दुसऱ्या एकात दोन्ही चोर शिव्याच देतात, वचन नाही, काही नाही. मी ते दुसरं काढलं.

भाऊजी कान देऊन ऐकत होते. संपलं. "आणि तो चांगला चोर?"

"इथे तसा कुणी नाही."

"अच्छा," ते म्हणाले. मग बराच वेळ चादरीची किनार बोटांनी चाचपत राहिले, जणू तिच्यावर काही लिहिलेलं आहे.

हळूहळू ते मला विचारायला लागले. मी शिकलेला ना! "फेलोशिपचे ब्रदर म्हणतात, एकदा तारण मिळालं की मिळालं. जात नाही."

"ब्रदर म्हणतात तसं. सगळे तसं मानत नाहीत. पुष्कळ देवभीरू माणसं मानतात की ते गमावता येतं."

"पण मला तर मिळालं होतं."

"मिळालं होतं, की मिळाल्यासारखं वाटलं होतं? ते फळांवरून कळतं, असं म्हणतात."

"माझी फळं..." ते म्हणाले, आणि थांबले. मी त्यांना थांबू दिलं. खिडकीबाहेर भाजीवाला ओरडत होता, बाई आत भांडी घासत होती. मी पान उलटलं. पानाचा आवाज त्यांना ऐकू जावा म्हणून जरा जोरानेच उलटलं.

यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता – हे समजलं ना तुम्हाला? मी बाबांचा मुलगा. न मागता, आधीच येऊन बसलेली कृपा, ती माझी. पण ती मी भाऊजींना कशी देणार? कारण बाबांचं खरं मानलं, तर चुलीपुढच्या त्या निजलेल्या पोरीला जे मिळालं ते कटनीहून बॅग घेऊन परतणाऱ्या माणसालाही मिळालेलं असणार. दोघांनीही कमावलेलं नव्हतं. मला ते परवडणारं नव्हतं. म्हणून मी परक्यांचं मत उसनं आणलं आणि दगडासारखं वापरलं.

ते गायचे थांबले. हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं. पूर्वी मी जिना चढताना आवाज यायचा. आता यायचा नाही. फेलोशिपचे लोक आले की म्हणायचे, "भाई, गवाही दो ना," आणि ते तोंड फिरवायचे. बाईने मला सांगितलं, दादा आजकल रोते हैं. मी म्हणालो, आजारपण आहे. घरी जाताना मी त्यांच्या खिडकीकडे बघून जरासं हसलो. होय, हसलो.

हे सगळं सांगून झालं तरी अजून खरं सांगितलेलं नाही. इथपर्यंत मी क्रूर होतो, पण क्रूर होतो तो ताईच्या बाजूने. असं मी स्वतःला सांगत असे.

मार्चची दुपार होती. पंखा सुरू केला नव्हता अजून. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी ते थकलेले असत, पण त्या दिवशी उशीला टेकून बसले होते, मी येण्याची वाट बघत. मी शास्त्र उघडलं, तर हात वर केला. "आज राहू दे. मला बोलायचं आहे."

मी बसलो.

"विमल तिथे आहे ना रे?"

उघडं शास्त्र मी मांडीवर ठेवलं.

"मी पडून पडून विचार करून राहिलो. माझं होईल न होईल. तू वाचतोस त्यावरून तर... असू दे. पण ती? ती नसेल तर कोण असेल? तिने मला दारात उभं नाही ठेवलं, सुधाकर. एक सवाल नाही केला. देव तिच्याहून कमी असेल काय?" त्यांचा श्वास लागला. मग म्हणाले, "मी दगडावर ती ओळ येऊ दिली नाही. मोठी चूक केली. तू त्या भेडाघाटवाल्याला बोलाव. पैसे स्नेहलकडून घे. ती ओळ घालून टाक. आणि मला तिची माफी मागायची आहे. इथे नाही मागितली. तिथे गेलो तर पहिलं तेच करीन."

तुम्ही माझ्या जागी असता तर? मला तेच हवं होतं ना, जे मी वर्षभर मनात मागत होतो? मी जे जे शिकलो होतो, बाबांनी जे जे सांगितलं होतं, ते या आंधळ्या माणसाने अंधारात चाचपत स्वतःच शोधून काढलं होतं. माझ्या सगळ्या निवडक वाचनाला न जुमानता. देव तिच्याहून कमी असेल काय – याहून शुद्ध मराठीत कृपेची व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचली आहे? मला फक्त म्हणायचं होतं: आहे, भाऊजी. ताई तिथे आहे. घालतो मी ओळ.

पण त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी चकाकी थोडी परत आली होती. थोडीच. आणि मला ती दिसली.

मी म्हणालो, "पण तुम्हीच म्हणाला होता ना, की ती तिथे नाही."

"मी चुकलो होतो."

"नाही, भाऊजी. तुम्ही चुकला नव्हता."

बस. हेच. मी माझ्या तोंडाने हे म्हणालो. माझ्या बहिणीबद्दल. मला अंगाखांद्यावर वाढवणाऱ्या ताईला, बाबांच्या लोट्याला, चुलीपुढच्या त्या बाप्तिस्म्याला – सगळ्याला मी एका वाक्यात बाहेर काढलं, कारण त्या दारातून हा माणूसही आत जाणार होता. भाऊजींनी निदान जे म्हटलं ते मानून म्हटलं होतं. मी न मानता म्हटलं.

त्यांनी आंधळे डोळे माझ्याकडे वळवले. वाद घातला नाही. मला वाटलं होतं, घालतील. एवढंच म्हणाले, "मग मला तरी तिथे जाऊन काय करायचं आहे?"

आणि भिंतीकडे वळले.

मी शास्त्र बंद केलं. खाली उतरून ऑटो केला. सदरला उतरलो आणि दुकानात बसून खव्याची जिलबी खाल्ली, गरम, दोन. मला ती चव आठवते. फार चांगली लागली.

नंतरही मी जात राहिलो. ते ऐकत, पण काही विचारत नसत. पावसाळ्याआधी गेले. जाताना त्यांच्या तोंडी प्रार्थना नव्हती, गाणं नव्हतं, ताईचं नावही नव्हतं. फेलोशिपचे ब्रदर म्हणाले, शांतपणे गेले. मी म्हणालो, हो.

स्नेहल आली. कबरस्तानात जागा नाही. नवरा-बायकोला आता एकाच कबरीत ठेवतात. ताईचा दगड उचलून बाजूला ठेवला, भाऊजींना तिच्यावर ठेवलं. म्हणजे दगड एक, नावं दोन. आणि ओळ घातली तर तीही एकच – दोघांची. हे मला तिथे उभ्या उभ्या, पाळकसाहेब माती टाकत असताना कळलं.

घरी आल्यावर स्नेहलने विचारलं. "मामा, ती लाइन टाकायची ना आता? मम्मीच्या वेळी पप्पा नको बोलले होते. पण लास्टला तुला काही बोलले असतील ना? तूच तर होता त्यांच्याजवळ."

मी चष्मा पुसला. म्हणालो, "तेच म्हणायचे. नको म्हणून."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"कमाल आहे पप्पांची पण," ती म्हणाली, आणि रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "ठीक आहे. त्यांची इच्छा." चांगली मुलगी आहे. आईवर गेली आहे. तिने कारागिराला फोन केला आणि वडिलांचं नाव, तारखा, एवढंच सांगितलं.

त्यामुळे आजही तो दगड तसाच आहे. वर ताई, खाली भाऊजी, आणि त्याखाली संगमरवराची हातभर कोरी जागा. ती ओळ भाऊजींना मिळू नये म्हणून मी ताईला मिळू दिली नाही. त्यांनी मागितली, मी दडवली. दर रविवारी उपासनेनंतर मी तिथे जातो, पाणी घालून दगड धुतो, फुलं ठेवतो. येणारेजाणारे बघतात. नावं वाचतो, तारखा वाचतो, आणि मग पुढे वाचायला काही नसतं, तरी उभा राहतो.

राग गेला असं मी म्हणणार नाही. तो अजून आहे. कधी कधी मला वाटतं, माझ्याजवळ ताईचं म्हणून आता तेवढंच उरलं आहे. पण ताईने तर राग ठेवलाच नव्हता. मग हा माझ्याजवळ कुणाचा आहे?

भेडाघाटच्या कारागिराचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. स्नेहलला खरं सांगितलं तर ती रागावेल, आणि त्याच दिवशी ओळ घालायला लावेल. एका दुपारचं काम. हे लिहून झाल्यावर मी फोन करीन, असं तुम्हाला वाटलं असेल. मीही लिहायला बसलो तेव्हा तसंच वाटलं होतं.

लिहून झालं आहे. फोन टेबलावर आहे. दगड कोरा आहे, आणि तो मी कोरा ठेवला आहे.